शुक्रवारची मोजणी

आमच्या गावातून महादेवाच्या देवळाकडे जाणारी वाट पाऊण कोसाची होती. चुडावा स्टेशनाची सडक उजवीकडे सोडली की ती सुरू होई. आधी शेतांमधला बांध, मग तरवडाचं माळरान, मग ओढा, आणि ओढ्यापलीकडे रुईच्या झाडांत ते लहानसं देऊळ. या वाटेवरची फुलपाखरं बारा वर्षं मोजायची होती. पाच वर्षं माझ्या बायकोने मोजली, सात मी. तिची पाच वर्षं खरी आहेत. माझ्या सातांबद्दल लिहायचं बरेच दिवस टाळत होतो.

हे सगळं माझ्या एका वाक्यातून सुरू झालं. मी गावच्या सरकारी शाळेत मास्तर होतो. राज्य निजामाचं, वरचे वर्ग उर्दूतून चालत, आणि आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असे. बायको दर सोमवारी सकाळी महादेवाला जाई. आम्हाला मूल नव्हतं. देवळात ती काय मागे ते मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. एका सोमवारी ती परत आली, पायावर पाणी घेतलं आणि म्हणाली,

"फुलपाखरं कमी झालीत हो वाटेवरची."

मी पुस्तकातून मान वर केली नाही. म्हणालो, "दरवर्षी तेवढीच असतात. आपल्याला वाटतं कमी झाली."

"तरवड सोलून नेतायत ना चामड्याच्या कामाला. सालीच्या गाड्याच्या गाड्या जातात स्टेशनावर. तरवडावरच तर ती पिवळी अंडी घालतात. मी पाहिलंय."

"पाहिलंयस. पण पुरावा काय?"

जेवायला वाढताना तिने विचारलं, "पुरावा म्हणजे मोजायचं, होय ना?"

त्या वर्षी आषाढी एकादशीला बायका चातुर्मासाचे नेम धरत होत्या. कुणी कांदा सोडला, कुणी लाख वातींचा संकल्प केला, कुणी एक वेळ मौनाने जेवायचं ठरवलं. माझ्या बायकोने नेम धरला तो असा: चातुर्मासातल्या दर सोमवारी देवळाच्या वाटेवरची फुलपाखरं मोजायची, आणि एक तप मोजायची. पुराणाला बसणाऱ्या बायका हसल्या. हा कुठला नेम, हा कोणत्या पोथीत आहे, असं त्यांनी विचारलं. "आमच्या मास्तरांच्या पोथीत आहे," ती म्हणाली.

तप पुरं झालं की नेमाचं उद्यापन करायचं असतं. ते कसं करायचं हेही तिने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. "त्या दिवशी तुम्ही बारा वर्षांचे आकडे मोठ्यानं वाचायचे. कमी होत गेले असले तर तुम्ही मला 'हरलो' म्हणायचं."

"आणि नसले तर?"

"तर मी पुरणपोळी करीन आणि वाढताना एक शब्द बोलणार नाही."

तिची मोजायची रीत तिचीच होती. कमरेला दोन पिशव्या बांधायची. एक फुलपाखरू दिसलं की एक दाणा डावीकडच्या पिशवीतून उजवीकडच्या पिशवीत. जाताना मोजायची, येताना नाही. वाटेचे तिने चार भाग केले होते आणि प्रत्येक भागाला वेगळा दाणा होता. बांधावर ज्वारी, माळावर तूर, देवळापाशी हरभरा. ओढ्यावर चिंचोके, कारण तिथे हात ओले होतात आणि चिंचोका भिजला तरी बिघडत नाही. ओढ्याच्या चिंचोक्यांनी पिशवी जड होऊन येई.

संध्याकाळी आम्ही ओसरीवर ते दाणे मोजत असू. मी शाळेच्या कागदांची एक वही आखली होती. तारीख, एकूण संख्या, आणि पावसाबद्दल एखादा शब्द.

"चारी वेगळे लिहा की," ती म्हणायची.

"बेरीज महत्त्वाची. कमी का जास्त ते बेरजेवरून कळतं."

"बरं. मग वेगळे मी ठेवते."

आणि तिने ते ठेवले. दर वर्षाच्या चार पुरचुंड्या, कडुलिंबाचा पाला घालून, उतरंडीतल्या एका मडक्यात. मला ते बायकी वाटे. वही होती, तीत नीट आखलेल्या रेषा होत्या, अक्षर चांगलं होतं. शिकवून शिकवून माणसाला एक रोग जडतो. एखादी गोष्ट स्वच्छ लिहिली गेली की ती कळली असं त्याला वाटू लागतं.

पाच वर्षं झाली. आकडे वरखाली होत होते, पण एकंदरीत थोडे उतरत होते. "अजून सात आहेत," मी म्हणायचो. पाचव्या वर्षाच्या पौषात तिला ताप आला. वैद्याने मुदतीचा ताप म्हणून सांगितलं, एकवीस दिवस काढले तर निघेल म्हणाला. तिने अठरा काढले. सोळाव्या की सतराव्या दिवशी ती शुद्धीवर होती. बोटांवर काहीतरी मोजत होती.

"सात राहिले," ती म्हणाली.

"मी मोजीन."

"सोमवार चुकवू नका."

मी हो म्हणालो. हे मी लिहून ठेवतो, कारण मी हो म्हणालो होतो.

आषाढ आला तेव्हा मी विचार केला. सोमवारी शाळा. फुलपाखरं ऊन तापल्यावर निघतात, आणि ऊन तापतं तेव्हा मी पटावर हजेरी घेत असतो. सोमवार तिने धरला तो महादेवासाठी; ती श्रद्धेची गोष्ट. मोजणी वेगळी. फुलपाखराला वार कळत नाही. हे वाक्य मी तेव्हा मनात अगदी असंच म्हटलं होतं, आणि मला ते चांगलं वाटलं होतं. मी शुक्रवारी जाऊ लागलो.

दाणे मी घेतले नाहीत. कागद आणि पेन्सिल घेतली. देवळापाशी पोचलो की रेघा मोजून एक आकडा लिहायचा. पहिल्याच शुक्रवारी तो तिच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी आला. दुसऱ्या शुक्रवारीही तसाच. श्रावण गेला, भाद्रपद गेला, आणि मला कळून चुकलं की ती बरोबर होती. फुलपाखरं चालली होती, आणि बायको असेपर्यंत निदान थोडी रेंगाळली होती. आता लाज वाटते, पण मला त्या उतरलेल्या आकड्यांचा एक प्रकारचा आधार वाटला. घर रिकामं झालं होतं, आणि वाटही रिकामी होत होती. दोन्ही एकाच वहीत बसत होतं.

तिचं वर्षश्राद्ध आलं. घर आवरताना ते मडकं निघालं. वीस पुरचुंड्या होत्या, काहींना सोंडे लागले होते. आकडे वहीत होतेच. धान्य तिच्या हातचं होतं, ते टाकून देण्यापेक्षा पाखरांच्या मुखी जावं असं भटजी म्हणाले आणि मलाही ते पटलं. मी एकेक पुरचुंडी सोडून अंगणात रिकामी केली. चिमण्या आल्या, पारवे आले. ज्वारी आधी संपली, मग तूर आणि हरभरा. चिंचोके तेवढे राहिले. ते शेजारच्या मुलींनी खेळायला मागितले. "न्या," मी म्हणालो.

पुढची वर्षं मी सविस्तर लिहीत नाही. लढाई चालू होती, सरकार धान्यावर लेव्ही घेत होतं, रॉकेल मिळत नव्हतं, सालीच्या गाड्या स्टेशनाकडे जातच होत्या. मी दर शुक्रवारी जायचो. वाटेत मला एकच माणूस नेमाने भेटे, एक म्हातारी धनगरीण. तिची पंधरा-वीस मेंढरं आणि थोड्या शेळ्या त्या माळावर चरत. ती माझ्या बायकोला ओळखत होती. बायको मेली हे तिला ठाऊक होतं. त्याबद्दल ती एकदाच बोलली होती, "मास्तरीणबाई लय गोड हसायच्या," आणि मेंढरांकडे वळली होती. त्यानंतर ती फक्त माझी थट्टा करायची.

"मास्तर, सरकार आता फुलपाकरावर बी लेव्ही लावायलंय का?"

"नाही, आजी."

"मंग कशाला मोजायलाव? गुमान बसा की सावलीत."

असं सहा वर्षं चाललं. सहावं वर्ष, म्हणजे नेमाचं अकरावं, संपत आलं होतं. कार्तिकी एकादशीच्या आधीच्या शुक्रवारी मी ओढ्यावर बसलो होतो. कागदावर सात-आठ रेघा होत्या. म्हातारी मेंढरांना पाणी पाजत होती. का कोण जाणे, मी तिला म्हणालो, "आजी, ही बघा एवढीच. हिच्या वेळी या ओढ्यावर किती असायची."

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं.

"सोमवारी कुटं कमी हायेत?"

"काय?"

"आइतवारी पलीकडच्या गावचा बाजार असतो. साऱ्या शिवारातली ढोरं, शेरडं हितंच पानी पिऊन घराकडं जात्यात. मुतत्यात, हागत्यात, सारा चिखल तुडीवत्यात. सोमवारी सकाळी फुलपाकरं त्या चिखलाला असं चिकटत्यात, पाय ठिवायला जागा न्हाई. खारट चाटायला येत्यात. मंगळवारी निमी. शुक्करवारी काय ऱ्हातंय, चुलत्याचं कपाळ?"

मी विचारलं, "आजी, तुम्ही सहा वर्षं मला पाहताय. सांगितलं का नाही?"

"तुमी कवा इचारलं? शिकल्यालं मानूस. मला वाटलं, तुमाला कमीच मोजायचे असतील."

रविवारी शाळा असल्यामुळे तो बाजार मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. भाजी शेजारी आणून देत.

सोमवारी मी तब्येतीचं कारण लिहून पाठवलं आणि गेलो. एकादशी होऊन गेली होती. नेमाचे दिवस संपले होते, त्यामुळे त्या दिवशीचा आकडा वहीत बसणार नव्हता. ओढ्यावर पोचलो. ओला काळा चिखल खुरांनी खणला होता आणि त्यावर पिवळा थर होता. मी जवळ गेलो तेव्हा तो थर उठला, माझ्या धोतराभोवती फिरला आणि पुन्हा बसला. तिच्या कमरेची पिशवी जड का होत होती ते मी पाहिलं.

मला आनंद व्हायला हवा होता. फुलपाखरं होती. पण मी तिथे बसलो तो माझी सहा वर्षं घेऊन. ती कुणाशीही जुळवता येत नव्हती. तिचे ज्वारीचे, तुरीचे, हरभऱ्याचे आकडे वेगळे असते तर ओढा सोडून बाकीच्या वाटेशी माझी बेरीज अदमासे तरी ताडून बघता आली असती. बांधावर आणि देवळापाशी सोमवार काय, शुक्रवार काय, सारखंच. तिने ते वेगळे ठेवले होते. मी ते चिमण्यांना घातले होते.

शेजारच्या मुलींपैकी एक त्या दिवसांत बाळंतपणाला माहेरी आली होती. मी तिला चिंचोक्यांचं विचारलं. ती हसली. "गुर्जी, ते? ते कवाच हरवले की. तुमाला हवेत का, दुसरे देऊ?"

एक वर्ष उरलं होतं. बारावं. मी हिशेब केला की हे एक वर्ष सोमवारी, तिच्यासारखंच, बाजार भरून गेल्यावर मोजलं, तर निदान तिच्या पाच वर्षांसमोर ते ठेवता येईल. मधली सहा कोरी समजायची. बाराव्याचा आकडा तिच्या पहिल्या आकड्यापेक्षा कमी आला तर मी 'हरलो' म्हणेन. मला हरायचं होतं की जिंकायचं होतं, ते आता नीट आठवत नाही. तिला काहीतरी सांगता यावं, एवढंच हवं होतं.

मुख्याध्यापक वृद्ध मुसलमान गृहस्थ होते. मी सोमवारी सकाळची सवलत मागितली आणि कारण खरं सांगितलं.

"क्या बोलते, मास्टरसाब. तितल्यां गिनने कू छुट्टी?"

"बीवीचा नेम आहे. शेवटचं वर्ष."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अर्जी मत लिखो. लिखे तो मेरेकू जवाब देना पडता. पीर के दिन, सोमवारकू, पहला घंटा मैं लेतूं. जाओ."

आषाढी एकादशी झाली. पहिले दोन सोमवार पाऊस कोसळत होता. दोन्ही वेळा मी भिजून गेलो आणि शून्य लिहिलं. तिसऱ्या सोमवारी ऊन पडलं. मी तिच्या पिशव्या कमरेला बांधल्या होत्या आणि दाणे चार प्रकारचे घेतले होते. बांध झाला, माळ झाला. ओढ्यावर चिखल गुळगुळीत होता. त्यावर एका कोल्ह्याच्या पावलांखेरीज काही नव्हतं.

पलीकडच्या गावचा बाजार त्या रविवारी भरला नव्हता. ते वर्ष कसलं होतं हे आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको. रझाकारांची अफवा रोज नवी येई. माणसं ढोरं घेऊन रस्त्याने जायला भीत होती. पुढच्या रविवारी भरेल असं म्हणत होते. भरला नाही. त्या वर्षी अधिक श्रावण आला होता, चातुर्मास पाच महिन्यांचा झाला होता. बायकोला असे पाच महिन्यांचे चातुर्मास आवडत. चार-पाच सोमवार जास्त मिळतात म्हणायची. मला ते सोमवार एकेक करून रिकामे मिळाले.

निज श्रावणातल्या एका रविवारी मी जे केलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. शाळा सुटल्यावर शेजाऱ्याच्या गोठ्यातून दोन घागरी गोमूत्र मागून घेतलं. घरात शिंपडायला म्हणालो. ते कावडीने ओढ्यावर नेलं आणि चिखलावर ओतलं. धोतर खोचून, अनवाणी, चिखल तुडवला. पन्नाशीकडे झुकलेला माणूस ढोरासारखा गोल गोल फिरत होता. म्हातारी धनगरीण वरच्या बांधावरून बघत होती. तिने थट्टा केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलपाखरं आली होती. पुष्कळ आली होती. मी पिशवीत हात घातला, पहिला चिंचोका उचलला, आणि तो तसाच बोटांत राहिला. मी किती घागरी ओतल्या त्यावर आता ती किती येणार हे ठरणार होतं. तीन ओतल्या असत्या तर आणखी आली असती. आकडा मला हवा तसा काढता आला असता, आणि वहीत तो तिच्या आकड्यांखाली, त्याच अक्षरात, नीट बसला असता. पुरावा काय, असं मीच विचारलं होतं. चिंचोका पिशवीत टाकून मी शाळेत गेलो. तास अर्धा झाला होता. मुख्याध्यापक फळ्यापाशी उभे होते, त्यांनी काही न विचारता खडू माझ्या हातात दिला.

भाद्रपदात गाव विरळ होऊ लागलं. ज्यांचे नातेवाईक सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात होते ते निघाले. एका सोमवारी म्हातारी माळावर भेटली ती सगळी मेंढरं एकत्र करून, पाठीला गाठोडं बांधून.

"कुठे, आजी?"

"ल्योक म्हनतोय, हितं ऱ्हायचं न्हाई. जायलोय." ती माझ्या कमरेच्या पिशवीकडे पाहत होती. "आज किती झाली?"

"ओढ्यावर चार."

"मोजा तुमी. वाईच दिस बरे आले की बाजार भरंल."

तिची मेंढरं ओढा उतरून गेली. जाता जाता त्यांनी पाणी प्यायलं, चिखल तुडवला. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता आणि शाळा होती. मी गेलो नाही.

म्हातारी परत आली नाही. पुढच्या वर्षी राज्य गेलं, नंतर कधीतरी शाळेची सुट्टी रविवारी झाली, बाजार पुन्हा भरू लागला असं ऐकलं. पण तप संपलं होतं. बारा वर्षं झाली ती झाली.

कार्तिकी एकादशीला, उद्यापनाच्या दिवशी, मी दुपारी वही घेऊन ओसरीवर बसलो होतो. मेहूण जेवायला बोलावलं नव्हतं. पुरणपोळी करणारं कोणी नव्हतं आणि मला काही म्हणायचंही नव्हतं. पाच वर्षांचे आकडे मी मोठ्याने वाचले. पुढे सहा वर्षांचे माझे. ते मनातच वाचले. बाराव्या वर्षासमोर बहुतेक रकाने भरलेले होते, फक्त एका सोमवारचा कोरा.

मग मी दौत घेतली. वहीत वाराचा रकानाच नव्हता, मी तो आखलेला नव्हता. समासात, माझ्या प्रत्येक आकड्यासमोर, मी 'शुक्रवार' लिहीत गेलो. सहा वर्षांत तो शब्द शंभराहून जास्त वेळा लिहावा लागला. लिहून होईपर्यंत ऊन ओसरीवरून उतरलं होतं. कोऱ्या रकान्यासमोर 'दोन घागरी' एवढं लिहिलं.

तरवड आता त्या माळावर फार राहिला नाही असं म्हणतात. फुलपाखरं आहेत की नाहीत मला ठाऊक नाही. स्टेशनाला जायचं झालं तर मी सडकेने जातो. ती म्हणाली ते खरं होतं की माझं, हे मला बारा वर्षांत सांगता यायला हवं होतं, आणि मला ते सांगता येत नाही.